भाडेकऱ्याची मुलगी

मोताळ्याच्या तहसील कचेरीतले उद्धव बाबू रोज सकाळी साडेनऊच्या सुमाराला घराच्या पुढच्या खिडकीचा पडदा ओढून घेत. समोरच्या अन्नपूर्णाबाई नेमक्या त्याच वेळी उद्धवच्या अंगणात जास्वंदीची फुलं तोडायला येत, आणि अन्नपूर्णाबाईंची नजर फार लांबपर्यंत जाते असं उद्धवचं ठाम मत होतं. पडदा ओढला गेला की सुचिता मुलीला हाक मारी. दोन पोळ्या, वर तूप, एक केळं, आणि ते सगळं पोटात गेल्यावर अर्धा पेला पाणी आणि एक लहानशी गोळी. बस, एवढंच. पण घरात जणू काही चोरीचा माल उतरवला जातोय, अशा घाईने हा कार्यक्रम उरकत असे.

गोळ्या संपल्या की रिकामं पाकीट उद्धव घरच्या कचऱ्यात टाकू देत नसे. ते वर्तमानपत्रात गुंडाळून स्कूटरच्या डिक्कीत जाई आणि गावाबाहेर मलकापूर रस्त्याच्या नाल्यात पडे.

"दारू पिणारा माणूसही एवढं लपवत नाही," सुचिता म्हणे.

"तुले लोकायचं माहीत नाही," उद्धव म्हणे आणि हेल्मेट चढवून निघून जाई.

हिमानी, त्यांची मुलगी, नऊ वर्षांची, चौथीत. जेवता जेवता ताटावरून उठून अंगणात जाणारी, वर्षात तीन दप्तरं हरवलेली, पतंगामागे धावता धावता एकदा एसटीखाली जाता जाता वाचलेली. तिसरीत तिच्या गुरुजींनी तिला आधी दाराजवळ बसवलं आणि मग दाराबाहेर. हजेरीपटात तिचं नाव होतं आणि ती व्हरांड्यात होती. घरी तिच्या दंडाला ताईत बांधला गेला. प्रेमलाबाईंनी, म्हणजे आजीने, तिला अमावास्येला एका देवाच्या ठाण्यावर नेऊन लिंबू उतरवून आणलं. उद्धवने आपल्या परीने उपाय केला. एका संध्याकाळी त्याने लाकडी पट्टी तुटेपर्यंत पोरीला मारलं आणि नंतर न्हाणीघरात जाऊन रडला. रडला म्हणून त्याला माफ करावं असं मला वाटत नाही, पण रडला हे खरं.

चौथीला समता मॅडम बदलून आल्या. पंधरा दिवसांत त्यांनी उद्धवला शाळेत बोलावलं.

"सर, ही पोरगी वांड नाही. तिले थांबताच येत नाही. माह्या सख्ख्या भावाचं असंच होतं. अश्वजित त्याचं नाव. समद्या गुरुजींनी त्याले झोडपलं. आठवीत शाळा सोडली त्यानं. तवा आम्हाले कोणी सांगतलं नाही. म्हणून मी तुम्हाले सांगून राह्यली. अकोल्याले दाखवा."

अकोल्याच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी गोळी दिली नाही. तीनदा बोलावलं, आईबापांना आणि शाळेला कागद भरायला दिले, मुलीचं वजन घेतलं, छाती तपासली. मग सांगितलं, "या गोळीने मुलगी हुशार होणार नाही, पण तिला स्वतःला आवरता येईल. भूक कमी होईल, तेव्हा गोळीच्या आधी पोटभर खाऊ घाला. दर महिन्याला वजन दाखवा. आणि मला विचारल्याशिवाय बंद करू नका." या औषधाची चिठ्ठी दोन प्रतींत निघते आणि एक प्रत दुकानदार ठेवून घेतो. हे कळल्यावर उद्धवने खालच्या आवाजात विचारलं, "सर, तेवढं नाव दुसरं टाकता येईल का?"

डॉक्टरांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही तहसीलमध्ये दाखले देता ना? तिथे असं चालतं?"

परतीच्या गाडीत अकोल्यापासून मलकापूरपर्यंत उद्धव खिडकीबाहेर बघत होता.

गोळी चालू झाली आणि सगळं गोड झालं असं नाही. डबा अर्धा परत येऊ लागला. गालाची हाडं दिसू लागली. कधी कधी हिमानी दुपारी इतकी मुकाट बसे की सुचिता तिला हलवून बघे. आपण आपल्या पोरीचं बोलणंच तर बंद नाही ना केलं, असं वाटून तिने दोनदा डॉक्टरांना फोन केला. डॉक्टरांनी मात्रा कमी केली, मग पुन्हा थोडी वाढवली. दोन महिन्यांनी एक दिवस हिमानीने वही आणून आईसमोर उघडून धरली. पूर्ण पान लिहिलेलं होतं. खालपर्यंत, एकही ओळ न सोडता.

"आई, गोळी घेतली का नाही, मंग माह्या डोक्यातले समदे जण रांगेत उभे राह्यतात," ती म्हणाली. "नाहीतं एकदम बोलतात."

सुचिताने ते पान बापाला दाखवलं. उद्धवने ते दोनदा वाचलं. त्याला आनंद झाला होता, खूप झाला होता, आणि तो कोणालाही सांगता येणार नाही याचं त्याला मुळीच वाईट वाटलं नाही. इथेच त्याचं चुकलं.

तुळशीचं लग्न लागलं आणि उद्धवच्या धाकट्या बहिणीच्या, मंजुश्रीच्या, स्थळांची बोलणी सुरू झाली. मंजुश्री सत्तावीस वर्षांची, बी.एड. झालेली, दिसायला नीटस. तुळशीराम नावाचे एक गृहस्थ आसपासच्या चार तालुक्यांत सोयरीकी जुळवत हिंडत. त्यांनी संग्रामपूरचं स्थळ आणलं. मुलगा शंतनु, पतसंस्थेत नोकरीला. चहा पिता पिता तुळशीराम म्हणाले, "माणसं चांगली आहेत, पण चौकशीले कडक. घरात कोणाले डोक्याचं काही आहे का, हे पहिले विचारतात. नाही ना काही?"

"नाही," प्रेमलाबाई म्हणाल्या.

प्रेमलाबाईंना दुष्ट म्हणून मोकळं होणं सोपं आहे. त्यांच्या धाकट्या बहिणीचं लग्न घरातल्या एका भ्रमिष्ट काकापायी तीनदा मोडलं होतं आणि ती बहीण जन्मभर भावाच्या घरी भांडी घासून मेली. आपल्याकडे घरातल्या एकाला ताप आला तर बाकीच्यांची लग्नं अडत नाहीत. डोक्याचं दुखणं आलं की भाऊ, बहीण, पुतणी सगळे एका माळेचे मणी होतात. ही रीत कोणी लिहून ठेवलेली नाही, पण पाळतात सगळे, आणि शिकलेले जास्त काटेकोर पाळतात.

तुळशीराम गेल्यावर प्रेमलाबाईंनी मुलाला समोर बसवलं. "मंजूचं जमेपर्यंत ते गोळीचं बंद ठेव. लग्न होऊ दे, मंग द्या तिले काय द्याचं ते."

"आई, पोरीचं समदं केलेलं पाण्यात जाईन," सुचिता म्हणाली. "डॉक्टरले विचारल्याबिगर बंद करू नका म्हणून सांगतलं त्यायनं."

"मी विचारतो," उद्धव म्हणाला.

तो मोबाईल घेऊन मागच्या दारी पाण्याच्या टाकीजवळ गेला. डॉक्टरांचा नंबर काढला. पाच मिनिटं त्या नंबराकडे बघत उभा राहिला. मग आत येऊन म्हणाला, "डॉक्टर म्हणते, सुट्टीत बंद ठेवली तं चालते. तीनचार महिने काही होत नाही."

"चार महिने म्हणले?"

"हाव."

सुचिताने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि विश्वास ठेवला. बाकी गोष्टींत तो तिच्याशी कधी खोटं बोलला नव्हता. उरलेली पाकिटं दुसऱ्या दिवशी कचेरीत त्याच्या टेबलाच्या खणात, शिक्क्यांच्या डब्याखाली गेली.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा पुन्हा भरली आणि पंधरा दिवसांत हिमानीची वही अर्ध्या ओळीवर थांबू लागली. समता मॅडमचे तीन फोन आले. दोन उद्धवने उचलले नाहीत, तिसऱ्याला "तब्येत जरा नरम आहे" म्हणाला. मॅडमनी पोरीला आपल्या टेबलाशेजारी बसवलं, पण वर्गात चाळीस मुलं होती आणि मॅडम एकट्या.

"आई, माही गोळी काऊन बंद केली?" हिमानीने एकदा विचारलं. "मी काही केलं का?"

"नाही वं बाई. डॉक्टर म्हणले म्हणून."

मंजुश्रीची पाहणी झाली तेव्हा हिमानीला मावशीकडे नांदुऱ्याला पाठवलं होतं. पसंती आली. जानेवारीत साक्षगंध ठरलं, घरीच, पन्नास माणसांत. त्या दिवशी मावशीच इकडे आली, त्यामुळे पोरीला पाठवायला जागा उरली नाही. सकाळी दहाला उद्धवने मागच्या खोलीत गादी घातली, हातात मोबाईल दिला, चॉकलेटं ठेवली, आणि बाहेरून कडी लावली. "पाव्हणे गेले का उघडतो. आवाज करू नको, माह्या राजा." सुचिता तेव्हा मंजुश्रीला साडी नेसवत होती. तिला वाटलं, पोर मावशीपाशी आहे.

अंगठी झाली, कुंकू लागलं, पंगत बसली. मोबाईलची बॅटरी केव्हातरी संपली असावी. मागच्या दारावर आधी हलकेच, मग दोन्ही हातांनी धडाधड आवाज सुरू झाला.

"पप्पा, उघडा ना. मले आत्याले पाह्याचं आहे. पप्पा."

पंगतीतला आवाज कमी झाला. शंतनुच्या वडिलांनी हातातला घास ताटात ठेवला. "कोणाचं लेकरू आहे हो?"

प्रेमलाबाईंनी मुलाकडे पाहिलं. मंजुश्री मान खाली घालून बसली होती. उद्धवच्या हातात बुंदीचं ताट होतं.

"मागं भाडेकरू राह्यतात," तो म्हणाला. आणि आवाज दारापलीकडे जाईल इतका मोठा होता. "त्यायची पोरगी आहे. जराशी तशीच आहे."

धडाधड थांबली.

घराला भाडेकरू नव्हते. कधीच नव्हते. सुचिता स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती. तिने हातातली वाटी ओट्यावर ठेवली, पाहुण्यांच्या मधून सरळ चालत गेली, कडी काढली आणि आत जाऊन दार लोटून घेतलं. शेवटचा पाहुणा जाईपर्यंत ती बाहेर आली नाही. सुनेचं डोकं दुखतंय, असं प्रेमलाबाईंनी विहिणीला सांगितलं.

त्या दिवसापासून सुचिता नवऱ्याशी कामापुरतंच बोलू लागली. आणि हिमानी शहाणी झाली. म्हणजे प्रेमलाबाई तसं म्हणाल्या. पोर घरात आरडाओरडा करेना, मागे मागे करेना. उद्धवलाही बरं वाटलं. माणूस स्वतःची समजूत काढायला बसला की त्याला साधनं कमी पडत नाहीत.

मार्चमध्ये एका रविवारी संग्रामपूरहून एक माणूस पत्रिकांचा नमुना घेऊन आला. हिमानी ओट्यावर खडूने काहीतरी काढत बसली होती. उद्धव आतून टॉवेलने तोंड पुसत येत होता.

"उद्धव बाबूचं घर हेच का, बेटा? तू त्यायची का?"

"नाही," हिमानी म्हणाली. "मी भाडेकऱ्याची."

तिने अगदी नीट, न अडखळता सांगितलं, आणि मग दारात उभ्या असलेल्या बापाकडे पाहिलं. बरोबर सांगितलं ना, एवढंच तिला विचारायचं होतं. पाठ केलेली कविता म्हणून झाल्यावर मूल बघतं तसं ती बघत होती.

उद्धवने नमुना हातात घेतला. काय छापलंय ते त्याला दिसलं नाही. माणूस गेल्यावर त्याने शर्ट चढवला, रविवारची बंद कचेरी शिपायाकडून उघडून घेतली, खणातली गोळ्यांची पाकिटं खिशात घातली आणि नांदुऱ्यावरून संग्रामपूरची गाडी धरली. आईला सांगितलं नाही, बायकोला नाही, आणि जिचं लग्न होतं तिलाही नाही.

शंतनुच्या घरी भावकीतले चारसहाजण बसले होते. वाजंत्रीचं बोलणं चाललं होतं. उद्धवने पाकिटं टीपॉयवर ठेवली.

"त्या दिवशी दार वाजवत होती ते माही पोरगी होती. भाडेकरू नाहीत आमच्याकडं. तिचं चित्त ठरत नाही, अकोल्याच्या डॉक्टरची गोळी चालू होती. तुम्ही नाही म्हणसान म्हणून मी बंद केली. उद्यापासून पुन्हा सुरू करणार आहे. तुम्हाले सांगाले आलो."

शंतनुच्या वडिलांनी पाकिटांकडे पाहिलंसुद्धा नाही.

"आम्हाले माहीत होतं," ते म्हणाले.

"काय?"

"तुळशीरामनं पहिल्याच दिवशी सांगतलं होतं. त्याले तुमच्या समोरच्या बाईनं सांगतलं. अर्ध्या मोताळ्याले माहीत आहे, बाबू. आमचा माणूस शाळेत जाऊनही विचारून आला. तुमची बहीण चांगली होती, म्हणून आम्ही म्हटलं, जाऊ द्या. तुम्ही बोलले नाही, आम्हीही बोललो नाही. चाललं असतं."

"मंग अडचण काय आहे?"

"अडचण हे आहे का तुम्ही आता बोलले. ह्या चार माणसांसमोर बोलले. आतापर्यंत मले माहीत नव्हतं असं म्हणता येत होतं. आता भावकी विचारीन, माहीत असून पोरगी काऊन केली? मी काय सांगू? शंतनुच्या मागं दोन बहिणी आहेत माह्या."

उद्धवने शंतनुकडे पाहिलं. शंतनु पसंती आल्यापासून रोज मंजुश्रीशी फोनवर बोलत होता. तो आता पंख्याकडे बघत होता. कोणी त्याला विचारलं नाही. वडिलांनी टीपॉयवरची पाकिटं उचलून उद्धवच्या हातात दिली. "हे राहू द्या तुमच्यापाशी. साक्षगंधाचं सामान मंगळवारी पोचवतो."

घरी बातमी उद्धवच्या आधी पोचली होती. प्रेमलाबाई भिंतीकडे तोंड करून निजल्या होत्या. मंजुश्री मधल्या खोलीत खुर्चीवर ताठ बसली होती. ती रडलेली नव्हती.

"खरं बोलाले तुले माहंच लग्न सापडलं, दादा?"

"मंजू, मी पोरीसाठी..."

"पोरीसाठी पहिल्या दिवशी बोलाचं होतं. तवा बोलला असता तं ते उठून गेले असते, मी दुसरं पाह्यलं असतं. आता मी साक्षगंध मोडलेली झाली. तवा लपवलं तेही मले विचारून नाही, आज सांगतलं तेही मले विचारून नाही." ती थांबली. "मी त्या दिवशी हिमूचा आवाज ऐकला होता. मीही मान खाली घालून बसली. मले ह्या घरात कोणी चांगलं नाही दिसत, मी पण नाही."

उद्धव आत गेला. स्वयंपाकघरात सुचिता उभी होती. तिच्यासमोर त्याने पाकिटं ठेवली आणि मग तेही सांगून टाकलं, की डॉक्टरांना फोन केलाच नव्हता. सुचिताने पाकिटं मोजली नाहीत, उघडली नाहीत, नुसती उचलून फळीवर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील अशी, चहाच्या डब्याशेजारी ठेवली.

"उद्या मी फोन करीन डॉक्टरले," ती म्हणाली. "माह्या पोरीच्या गोळीले यापुढं तुम्ही हात लावू नका."

तुम्ही म्हणाल, शेवटी तो खरं बोलला ना. बोलला. पण चार महिने जी किंमत एकट्या पोरीने दिली ती आता दोघींनी दिली, आणि त्याच्या खिशातून काही गेलं नाही. संग्रामपूरच्या त्या बैठकीत बसलेले लोक राक्षस नव्हते. ते तुमच्यामाझ्यासारखे पत्रिका वाटणारे, लग्नात अक्षता टाकणारे लोक होते. समोरच्याच्या घरातलं दुखणं आपल्यालाही माहीत असतं. त्याने ते तोंडाने सांगू नये एवढीच आपली अट असते, आणि त्याने सांगितलं की पहिला दगड आपणच मारतो.

डॉक्टर सुचितावर रागावले, पण त्यांनी लहान मात्रेपासून गोळी पुन्हा सुरू करून दिली. बुधवारी सकाळी साडेनऊला उद्धवने पुढच्या खिडकीचा पडदा काढून घडी घालून ठेवला. हिमानीने पोळी खाल्ली, केळं खाल्लं, आईच्या हातून गोळी घेतली. उद्धव तिच्याजवळ खाली बसला.

"हिमू, मी संग्रामपूरले जाऊन सांगून आलो. तू माही पोरगी आहे म्हणून. समद्यांसमोर."

हिमानी विचार करू लागली. "म्हणून आत्याचं लग्न मोडलं?"

"नाही. मी आधी खोटं बोललो म्हणून मोडलं."

तिला ते पटलेलं दिसलं नाही. तेवढ्यात फाटक वाजलं. अन्नपूर्णाबाई फुलांसाठी आल्या होत्या. हिमानी चटकन उठली. कोणी काही म्हणायच्या आत ती मागच्या खोलीत गेली आणि दार लागलं. या वेळी कडी आतून लागली.

"हिमू, बाहेर ये," उद्धव म्हणाला. "कोणी काही म्हणत नाही."

अन्नपूर्णाबाई परडी घेऊन दारात उभ्या होत्या.

"कोण आहे वं आत?" त्यांनी विचारलं. त्यांना माहीत होतं.

"माही पोरगी आहे," उद्धव म्हणाला, आणि दाराला पाठ लावून जमिनीवर बसला. त्याला कचेरीला उशीर होत होता, हिमानीची शाळा भरायची वेळ झाली होती. त्याने पुन्हा एकदा, थोडं मोठ्याने, तेच सांगितलं. दार उघडलं नाही.